आबांचा पाट

विष्णू, तुझ्या गॅलरीत शोकसभा झाली. मी पहिल्या रांगेत बसले होते, तुझी थोरली बहीण म्हणून. हजरतगंजातली निम्मी मोठी माणसं आली होती. छावणीतले कर्नल, युनिव्हर्सिटीतल्या त्या खादीच्या साड्यांच्या बाई, जाड भिंगांचा पेपरवाला, आपल्या मंडळातले झाडून सगळे मराठी. जो उठेल तो तेच म्हणायचा, "विष्णुजी तो समुंदर के बेटे थे." एकानं म्हटलं, दुसऱ्यानं म्हटलं, तिसऱ्यानं तर डोळे मिटून म्हटलं. तूच पढवलेलं वाक्य ते. पेपरवाला मुलाखत घ्यायला आला की ठेवणीतल्या शालीसारखं बाहेर काढायचास.

मला उठून सांगावंसं वाटत होतं, अहो, कसला समुद्राचा बेटा! होडीत बसला की पहिल्या लाटेला ओकायचा हा. खाडी ओलांडायची असली की डोळे घट्ट मिटून माझा पदर धरायचा. सुताराचा मुलगा हा. पडाव आणि होड्या बांधणाऱ्या सुताराचा. एवढं म्हणायला तुझी जीभ झडत होती का रे? पण मला कुणी बोलायला सांगितलं नाही. बहिणीनं रडायचं असतं. रडलेही, खोटं कशाला सांगू. पण रडून पोट भरलं नाही, म्हणून आज बोलते आहे. तूही आता मध्येच उठून "अक्का, चहा टाक" असं म्हणून पळ काढू शकणार नाहीस.

मेल्या, आयुष्यभर तुला मेल्या म्हणत आले. आता तो शब्द तोंडाशी येतो आणि जीभ चावली जाते.

आबा गेले त्या हिवाळ्यात तू लखनौला आलास. बांगलादेशाची लढाई नुकतीच संपली होती. आई आधीच गेलेली, गावच्या घराला कुलूप. ह्यांनी, म्हणजे तुझ्या मेहुण्यांनी, रेल्वेच्या कारखान्यात शब्द टाकला आणि तुला लाकडी साचे करायचं काम मिळालं. स्टेशनावर तुला घ्यायला आम्ही गेलो तर तुझ्या हातात एक लहान ट्रंक आणि काखेत आबांच्या धोतरात गुंडाळलेला पाट. झाशीपर्यंत जागा नव्हती, तू दारापाशी उभा होतास. "ए भैया, ये पटरा बिछा दो, दो जने बैठ जाएँगे," असं लोक सांगत होते म्हणे. तू बसू दिलं नाहीस. स्वतःही बसला नाहीस. पाय सुजून भोपळ्यासारखे झाले होते तुझे. मी गरम पाणी दिलं तेव्हा तू म्हणालास, "अक्का, पाट आणलाय. आता गणपती अडत नाही."

तोच तू. मला हेच समजत नाही, तोच तू होतास.

इथल्या लोकांना मी किती वेळा समजावलं असेल पाटाचं. आमच्याकडे कोकणात दुकानात जाऊन गणपती उचलून आणत नाहीत. प्रत्येक घराचा आपला पाट असतो. नागपंचमीच्या सुमाराला तो पाट गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, नेऊन द्यायचा. तो त्या पाटावरच माती लावतो, त्या पाटावरच देव घडतो, आणि चतुर्थीला पाटासकट घरी येतो. विसर्जनाला मूर्ती पाण्यात सोडायची आणि पाट परत आणायचा, त्यावर मूठभर वाळू घेऊन. ती वाळू आई घरभर टाकायची. मूर्ती दर वर्षी नवी, पाट तोच. आपला पाट आबांनी स्वतः केलेला, फणसाचा. चारी कडांनी होडीच्या दोरखंडासारखा पीळ कोरलेला. सुरुवात कुठे आणि शेवट कुठे, ते बोटानं चाचपूनही सापडायचं नाही. वर्षानुवर्षं तेल, शेंदूर आणि शाडू मुरून त्याला जो रंग आला होता, तो कुठल्या डब्यात मिळत नाही.

आणि तो पाट तुझ्याकडेच राहायला हवा होता. मी लग्न होऊन गेलेली. लेकीनं माहेरचा गणपती सासरी न्यायचा नाही, हा नियम काही मी केला नाही. मला भाऊ एकच. आबांच्या घरातलं जे काही उरलं होतं ते त्या पाटावर होतं, आणि ते तुझ्या हातात होतं.

पहिल्या वर्षाची गंमत आठवते? चौकातल्या रामऔतारकडे आपण पाट घेऊन गेलो. तो दिवाळीचे लक्ष्मी-गणेश करणारा. त्यानं पाट उलटापालटा करून पाहिला. "माताजी, हम तो अपनी चौकी पे बनाते हैं, ये आप काहे लाईं?" तू त्याला अर्धा तास समजावलंस, तुझ्या त्या मोडक्यातोडक्या हिंदीत. तो मान डोलवत राहिला. चतुर्थीला आपण आणायला गेलो तर पाटावर आपला गणपती, आणि शेजारी मांडीला मांडी लावून लक्ष्मी! "गणेशजी अकेले कैसे बैठेंगे, माताजी? हमने लछमीजी भी बिठाय दीं." मी कपाळाला हात लावला. तू तिथे मातीतच बसलास, पोट धरून हसलास, आणि म्हणालास, "असू दे अक्का, आबा म्हणतील पोरांनी सूनही आणली." त्या वर्षी आपण दोघांचीही आरती केली. तसं हसू मला पुन्हा कधी आलं नाही.

तेव्हा तू माझ्या अंगणात काम करायचास. कारखान्यातून सुटलास की मलिहाबादहून आणलेले आंब्याचे ओंडके. म्हातारी, फळ न धरणारी झाडं बागवाले तोडायचे, ती तू आणायचास. तासणीचा आवाज, पटाशीचा आवाज, आणि माझ्या वाळवणावर तुझा भुसा. मी ओरडायचे, तू गायचास. मी डावखुरी, बाजारच्या विळीवर माझा हात कायम कापला जायचा. तू एका रविवारी माझ्या डाव्या हाताची विळी करून दिलीस. पाटाचा उतार उलटा, पात्याला वळण उलटं. आईलासुद्धा कधी सुचलं नव्हतं ते. आजही मी तिच्यावरच नारळ खवते. कुणी विचारलं की सांगते, माझ्या भावानं केली. तुझं नाव घेऊन सांगते. मला नाव घ्यायची लाज वाटत नाही.

मग तुझं बस्तान बसलं. आणीबाणीच्या वर्षी कुठल्याशा सरकारी प्रदर्शनात तुझी ती लाकडी लाट मांडली गेली आणि लोक वेडेच झाले. लखनौला समुद्र कुणी पाहिलाय? तू जे देशील तो समुद्र. मासे, शिडं, कोळणी, लाटा. छावणीतल्या मेमसाहेबांच्या दिवाणखान्यात तुझे मासे पोहायला लागले. कारखाना सुटला, सुधाशी लग्न झालं, नितीन झाला, हजरतगंजात गॅलरी झाली. मला आनंद नव्हता असं कोण म्हणेल? मंडळात मी सांगत फिरायचे. पण गॅलरीच्या दारावर तू नुसतं "विष्णु" लिहिलंस. आडनाव गाळलंस. बापाचं नाव तर त्याही आधी गळालेलं. आपल्याकडे माणसाच्या नावात बाप मधोमध बसलेला असतो, तो तू उठवलास. मी विचारलं तर म्हणालास, "अक्का, कलाकाराला एवढं लांबलचक नाव शोभत नाही." बरं बाबा, म्हटलं. शहाणा झालास.

एशियाडनंतरची ती नागपंचमी. सगळ्यांच्या घरी टीव्ही येत होते, तुझ्या घरी रंगीत आला होता. रामऔतारकडे पाट पोचवायला हवा, म्हणून मी तुझ्या घरी गेले. सुधा म्हणाली, "वन्सं, पाट गॅलरीत नेलाय त्यांनी, साफ करायला." मी रिक्षा करून गॅलरीत आले. दारातूनच दिसला मला. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर, उभा टांगलेला. देव जिथे बसतो ती बाजू लोकांकडे करून. वरून दिवा सोडलेला. घासून घासून त्याचा शेंदूर काढलेला, मेण लावून चकचकीत केलेला. आणि खाली कार्ड. मला इंग्रजी नीट येत नाही, पण खाली हिंदीतही होतं. आसन. कटहल की लकड़ी. कोंकण तट. कारीगर अज्ञात.

कारीगर अज्ञात!

विष्णू, मी ते कार्ड दोनदा वाचलं. वाटलं, चुकून दुसऱ्या कशाचं लागलं असेल. ज्यानं तुला बोट धरून तासणी धरायला शिकवली, तुझ्या अंगठ्यात पटाशी घुसली तेव्हा स्वतःचं धोतर फाडून बांधलं, तो अज्ञात? अरे, तुझं नाक त्यांचं आहे, चालणं त्यांचं आहे, चहा बशीत ओतून फुंकायची पद्धत त्यांची. आरशात बघताना कोण दिसायचं तुला, अज्ञात?

तू आतून आलास. भोवती दोन-तीन बघणारे होते, म्हणून हसून म्हणालास, "अक्का, हळू." मी हळू बोलणारी नाही. आपलं भांडण मग तुझ्या त्या आतल्या खोलीत झालं.

"आबांचं नाव का नाही?" मी विचारलं.

"आबांनी कधी स्वतः टाकलं होतं का? एका तरी होडीवर त्यांचं नाव आहे?"

"त्यांनी नाही टाकलं हा त्यांचा मोठेपणा. तू पुसलंस हा तुझा नीचपणा."

"पुसलं नाही गं! तुला हा धंदा कळत नाही. नाव टाकलं की ते सुतारकाम होतं, माझ्या बापाचं. मग लोक म्हणतात, अच्छा, घर का पटरा है. अज्ञात म्हटलं की त्याला लोककला म्हणतात. मग तासभर उभे राहतात समोर. कुणी पाहिलं होतं आबांचं काम? वर्षातले दहा दिवस मूर्तीखाली, त्यावर पुन्हा कपडा. उरलेले दिवस माळ्यावर झुरळांत. आज पहिल्यांदा ते माणसांना दिसतंय."

तुला बोलण्यात कुणी हरवू शकलं नाही. पण रात्रंदिवस विचार करून मला उत्तर सापडलं होतं आणि ते तुला ऐकवायचं राहिलं, ते आता ऐक. आबांनी तो पाट माणसांना दिसावा म्हणून केलाच नव्हता. देवाच्या खाली राहावा म्हणून केला होता. तो पीळ त्यांनी इतका बारीक कोरला, तो झाकला जाणार हे माहीत असून कोरला. तुला त्यांची कला दिसली रे, त्यामागचा माणूस दिसला नाही.

तू म्हणालास, प्रदर्शन संपू दे, आठवड्याभरात काढतो, गणपतीच्या आधी रामऔतारकडे मी स्वतः पोचवतो. शपथ घेतलीस. कुणाची, तर आबांची! आणि आठवड्यानं मी आले तर भिंतीवर खिळा होता. दिल्लीचे कुणी साहेब आले होते, त्यांना फार आवडला, नाही म्हणता आलं नाही. मी म्हटलं, त्यांचा पत्ता दे, मी जाऊन पाया पडते. तू म्हणालास, "ते परदेशी गेले." बस्स. विषय संपला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगणार कुणाला? ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, तुमचं भावंडांचं तुम्ही बघा.

वर तू काय केलंस, तर चार दिवसांत नवा पाट केलास. आंब्याचा. त्यावर तसाच पीळ काढलास, हुबेहूब. मला दाखवायला घेऊन आलास, मोठ्या कौतुकानं. अरे, आंब्याच्या लाकडाचा गणपतीला पाट? आपल्या गावात आंबा तोडतात तो चितेसाठी, एवढंही विसरलास? तू म्हणालास, "इथे हवनाला आंबाच लागतो अक्का, पवित्र मानतात." इथे! तू इथला कधीपासून झालास, ज्याला समुद्राचा बेटा म्हणवून घ्यायचं होतं?

त्या वर्षापासून मी तुझ्या गणपतीला आले नाही. भाऊबीज केली, राखी बांधली, सुधाच्या आजारपणात तिच्या उशापायथ्याशी बसले, ती गेली तेव्हा नितीनला महिनाभर माझ्याकडे ठेवून घेतलं. नातं मी तोडलं नाही. पण चतुर्थीला तुझ्या दारात पाऊल टाकलं नाही. तू दर वर्षी यायचास बोलवायला. "अक्का, यंदा तरी." मी विचारायचे, "पाट आला?" तू चप्पल घालायचास. एवढंच आपलं बोलणं व्हायचं. एका तरी वर्षी तू म्हणायचंस ना रे, चुकलं. एक शब्द. पाट नसता आला तरी मी आले असते. आले असते की नाही? माझ्या मनाला विचारते तर ते म्हणतं, चप्पल शोधायलाही थांबली नसतीस. तो शब्द तुझ्याकडून आला नाही आणि आता यायचा नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो. तू गेलास याच्यापेक्षाही जास्त.

काल तुझा बारावा झाला. आपले मराठी गुरुजी झाशीला गेलेले, म्हणून इथलेच पंडितजी बोलावले. तुझ्या घरामागच्या अंगणात, तुझ्या ओंडक्यांच्या मध्ये सगळं मांडलं. नितीन विधीला बसला, टक्कल करून, उघडा. आता कॉलेजात जातो, पण बारका दिसत होता. मी नि हे ओसरीवर. पंडितजींनी तुझा लांबट पिंड केला आणि त्याच्यापुढे तीन गोल पिंड मांडले. नितीनला समजावलं त्यांनी. हा एक तुझा बाप. ते तिघे त्याचा बाप, त्याचा आजोबा, पणजोबा. ह्याचे तीन भाग करून त्या तिघांत मिळवायचे. मग तो त्यांच्यात जातो. तोवर एकटाच बाहेर उभा असतो.

"बोलो बेटा, पिताजी के पिताजी का नाम?"

नितीन म्हणाला, "आबा."

"आबा तो पुकारने का हुआ. असली नाम?"

गॅलरीतल्या प्रत्येक वस्तूचं लाकूड, नाव, गिऱ्हाईक त्या पोराला पाठ आहे. आजोबांचं नाव नाही. तू कधी सांगितलंच नव्हतंस. त्यानं मान खाली घातली. त्याचा काय दोष? पंडितजींना दुपारी दुसरीकडे जायचं होतं. ते म्हणाले, "कोई बात नहीं, बहुतों को याद नहीं रहता. अज्ञात बोल के संकल्प कर देंगे. पिंड पहुँच जाता है."

ह्यांनी तोंड उघडलं. मी हात आडवा केला.

विष्णू, तेवढा वेळ सगळं माझ्या हातात होतं. गप्प बसले असते तर तुझ्याच कार्डावरचा शब्द तुझ्या पदरात पडला असता. तुझा पिंड अज्ञाताच्या पिंडात मिसळला असता आणि तू जन्मभर जे मागितलंस ते तुला मिळालं असतं. खरं सांगते, मला गप्प बसायचं होतं. नितीन मान वर करून बघत होता. "बुआ?" एवढंच म्हणाला.

मी ओसरीवरून उठून अंगणात गेले. बायकांनी जवळ जायचं नसतं, ते पंडितजींना सांगू दे. म्हटलं, लिहून नका घेऊ, बोला माझ्यामागून. आत्माराम. आत्माराम भिकाजी मेस्त्री. त्यांचे वडील भिकाजी. त्यांचे वडील रघुनाथ. नितीनला म्हटलं, मोठ्यानं बोल. त्यानं मोठ्यानं म्हटलं. मी म्हटलं, अजून मोठ्यानं. शेजारच्या गच्चीवरची माणसं वाकून बघायला लागली, इतक्या मोठ्यानं म्हटलं पोरानं. मग त्यानं दर्भानं तुझे तीन भाग केले आणि पहिला भाग आत्मारामाच्या पिंडात मळून टाकला.

हे मी तुझ्यासाठी केलं असं समजू नकोस. आबांना मी दुसऱ्यांदा अज्ञात होऊ देणार नव्हते, एवढंच. तुला मी त्यांच्यापाशी पोचवलंय. आता ते पहिला प्रश्न विचारतील, विष्णू, पाट कुठे ठेवलास? त्याचं उत्तर मी देणार नाही. तूच दे.